मेहुणा दिवाळीत डिस्क आणतोय, कुठल्या सांगू? (डिस्क गोल्फ, अगदीच नवखा)

कर्वेनगरी

नमस्कार मंडळी. वय ४१, खेळात शेवटचं बक्षीस शाळेत लंगडीला मिळालेलं, त्या हिशोबानंच उत्तरं द्या.

झालं असं की मार्चमधे मेहुणा अमेरिकेहून आला तो एक डिस्क घेऊन आला. तिकडं दर रविवारी डिस्क गोल्फ खेळतो म्हणे, म्हणजे गोल्फच पण काठी-बॉलच्या ऐवजी डिस्क फेकायची आणि साखळ्या लावलेल्या बास्केटमधे कमीत कमी फेकीत पोचवायची. मला दिली ती डिस्ट्रॉयर नावाची, वर आकडे आहेत १२, ५, -१, ३ आणि मागं पेननं १७५ लिहिलंय. फ्रिसबीपेक्षा लहान, पण जड आणि कड अशी की चुकून नडगीला लागली तर दोन दिवस लंगडाल (लागली आहे).

आम्ही तिघं रविवारी सकाळी घराजवळच्या एका मोकळ्या मैदानावर जातो. मेहुण्यानं फेकली तेव्हा ती जी गेली ती गेलीच, पार पलीकडच्या कंपाउंडला टेकली. मी फेकली की आधी घारीसारखी वर चढते, वर गेल्यावर क्षणभर थांबून विचार करते आणि मग डावीकडं वळून दाणकन खाली. दर वेळी. आणि डावीकडं बाभळी आहेत, आतापर्यंत दोन शर्ट गेले. आता तो दिवाळीत परत येतोय, तीन-चार डिस्क आणतो, नावं सांग म्हणाला, आणि साइट उघडली तर शेकडो डिस्क, सगळ्यांना असेच चार आकडे, डोकं गरगरलं. तर मुळात ही डिस्कच चुकीची आहे का माझाच हात वाकडा? बायको डावखुरी आहे, तिला डावखुऱ्यांच्या वेगळ्या मागवाव्या लागतात का? मुलगी १० वर्षांची, तिला काय? मार्गदर्शन करा.

परतलेला_काका

डिस्कही चुकीची आणि हातही. वाईट वाटून घेऊ नका, मी तिकडं बारा वर्षं होतो आणि पहिलं वर्ष असंच झुडपात वाया घातलं.

आधी ते आकडे. पहिला स्पीड. सगळ्यांना वाटतं १२ म्हणजे डिस्क फास्ट जाणार, तसं नाहीये, १२ म्हणजे तुम्ही ती तेवढ्या जोरात सोडली तरच ती छापल्याप्रमाणे उडणार. डिस्ट्रॉयर ही ज्याचा हात सहज शंभर मीटर जातो त्याच्यासाठी आहे. तुमची फेक माझ्या अंदाजानं क्रिकेटच्या दोन-अडीच पिचएवढी जात असेल, म्हणजे ५० मीटरच्या आसपास, बरोबर? दुसरा आकडा ग्लाइड, किती वेळ तरंगणार. तिसरा टर्न, म्हणजे सुरवातीला जोरात असताना कुठं कलणार, उजव्या हाताच्या बॅकहँडला (हात अंगावरून आडवा ओढून फेकता ती नेहमीची फेक) मायनस म्हणजे उजवीकडं. चौथा फेड, वेग संपत आला की डावीकडं किती ओढणार. आता तुमच्या हातून डिस्कला हवा तो वेग मिळतच नाही, म्हणजे बिचारी जन्मतःच म्हातारी. टर्नची वेळ येतच नाही, फेड पहिल्या सेकंदाला सुरू. तीनचा फेड आहे, तो तुम्हाला बाभळीतच नेणार.

वर चढते ते मात्र वेगळं दुखणं, ते डिस्कच्या माथी मारू नका. सोडताना पुढची कड वर राहते. हवा खालून लागते, डिस्क चढते, दम संपतो आणि पडते. किटलीतून चहा ओतताना अंगठा कसा पुढं खाली झुकतो, मनगट तसं ठेवून फेकून बघा. आणि हात खालून वर नेऊ नका, छातीच्या रेषेत सरळ ओढा.

आता खरेदी. चार आणणार असेल तर दोन पटर (सगळ्यात हळू, जवळच्या फेकीची डिस्क) आणि दोन मिडरेंज (त्याहून जरा वेगवान, मधल्या पल्ल्याची). पटर म्हणजे इनोव्हा कंपनीची एव्हियार (२, ३, ०, १), मिडरेंज म्हणजे डिस्क्राफ्ट कंपनीची बझ (५, ४, -१, १). ड्रायव्हर, म्हणजे तुमच्या डिस्ट्रॉयरसारखी लांब पल्ल्याची वेगवान डिस्क, एकही नको, निदान वर्षभर. पटर नुसती बास्केटजवळ टाकायला असते हा गैरसमज आहे, पूर्ण ताकदीनं फेका तिला. हळू डिस्क चूक लपवत नाही, हात वाकडा असेल तर तिथल्या तिथं डगमगून दाखवते. वेगवान डिस्कला सगळ्या चुका एकाच जागी नेऊन टाकायची सवय असते, डावीकडं, मग काय चुकलं तेच कळत नाही.

बिबवेवाडी_एक्स्प्रेस

काका तुम्ही म्हणजे पोहायला शिकायला आलेल्याला वर्षभर पायरीवर बसवणार. नुसत्या पटर फेकून माणूस कंटाळतो ओ, डिस्क लांब गेलेली बघण्यातच तर मजा आहे, ती नाही मिळाली तर दिवाळीनंतर सगळ्या डिस्क माळ्यावर. एक फेअरवे ड्रायव्हर, म्हणजे कमी वेगाचा ड्रायव्हर, हवाच. लेपर्ड घ्या, ६, ५, -२, १, साधं डीएक्स प्लास्टिक, वजन १६० ग्रॅमच्या आतबाहेर. हिचा टर्न मायनस दोन आहे त्यामुळे कमी जोरातसुद्धा सरळ जायचं नाव घेते. मी तर म्हणतो इनोव्हाचा तीन डिस्कचा नवशिक्यांचा सेटच सांगा, त्यात लेपर्ड, शार्क आणि एव्हियार असते, सुट्या घेण्यापेक्षा स्वस्त पडतो आणि मेहुण्याला दुकानात उभं राहून तुमच्याशी व्हॉट्सॲपवर भांडावं लागत नाही.

आणि महागातलं प्लास्टिक आत्ता अजिबात नको. स्टार, चॅम्पियन वगैरे टिकतं जास्त, पण तुमची पहिली डिस्क हरवणारच आहे. साधं प्लास्टिक हातात धरायलाही बरं, आणि दगडा-झाडावर आपटून आपटून झिजलं की ती डिस्क आणखी सरळ आणि मग हळूहळू उजवीकडं जायला लागते. नवी बॅट कशी नॉक करून करून बनते तसंच, फक्त इथं नॉकिंग झाडं फुकटात करून देतात.

परतलेला_काका

सेटचं पटलं. लेपर्डही चालेल, पण सहा महिन्यांनी पिशवीतून बाहेर काढायची. मी सांगून ठेवतो, तो पहिल्याच दिवशी काढणार.

थ्रो_ताई

मी गेली काही वर्षं अल्टिमेट (फ्रिसबीचा सांघिक खेळ) खेळते, डिस्क गोल्फ अधूनमधून. डावखुऱ्यांच्या वेगळ्या डिस्क नसतात. डिस्क गोल असते हो, तिला डावं-उजवं नसतं, काठ्यांच्या गोल्फमधे असतं ते. फक्त सगळं उलटं होतं, वहिनींची फेक शेवटी उजवीकडं पडेल, म्हणजे बाभळीपासून लांब. तुम्ही स्वतः फोरहँड, म्हणजे दोन बोटं आतल्या कडेला लावून बाजूनं झटका मारून फेकलीत तर तुमचीही उजवीकडं पडते, पण ते नंतर, आत्ता कोपर दुखवून घ्याल.

मुलीला ड्रायव्हर देऊच नका, तिच्या बोटांत ती कड मावतच नाही. पटरची कड जेमतेम सेंटिमीटरभर, तुमच्या डिस्ट्रॉयरची दोनच्या वर आहे, मोजून बघा पट्टीनं. तिला १५०च्या आसपासची हलकी पटर किंवा मिडरेंज. हलकी डिस्क कमी ताकदीत जास्त जाते, पण वाऱ्यात पतंग होते. एप्रिल-मेमधे दुपारनंतर आपल्याकडं पश्चिमेचा वारा सुटतो, तेव्हा वाऱ्याच्या तोंडावर फेकली की तीच डिस्क नेहमीपेक्षा जास्त उजवीकडं कलंडते आणि पाठीवर वारा घेऊन फेकली की लवकर डावीकडं पडते (डावखुऱ्यांनी उलटं वाचावं). सुरवातीला सकाळीच खेळा, नाहीतर वाऱ्याची चूक स्वतःच्या हातावर घ्याल.

आणि रंग! कुणीच कसं बोललं नाही. हिरवी नको, पावसाळ्यात गेलीच समजा. पिवळी नको, दिवाळीनंतर गवत वाळलं की तीही गेली. लालसुद्धा सावलीत पटकन दिसत नाही. राणी कलर सांगा, नाहीतर आकाशी. मागं मार्करनं नाव आणि फोन नंबर. आणि डिस्क गाडीत उन्हात ठेवू नका, साधं प्लास्टिक मऊ होऊन वाकतं, माझी एक थाळीची वाटी झालीये.

तोवर घरात अल्टिमेटची १७५ ग्रॅमची डिस्क कुणाची मिळाली तर तिच्यावर हात बसवा. ती मोठी असते, २७ सेंटिमीटरची, वेगळी उडते, पण मनगटाचा झटका आणि फिरकी तीच. फिरकी नसेल तर कुठल्याही डिस्कचा रुमाल होतो.

बिबवेवाडी_एक्स्प्रेस

जागेचं काय करताय? बास्केट नसेल तर तळजाईवर झाडं ठरवून खेळता येईल की, एक नंबर कोर्स होईल.

रोज_टेकडी

ती टेकडी आहे, कोर्स नाही. आधीच सकाळी सहाला तिथं ब्लूटूथवर भजनं, कुत्री, रीळवाले, त्यात आता १७५ ग्रॅमची धारदार थाळी मानेमागून येणार. मी ६८ वर्षांचा आहे, मला सावध करायला 'फोर' म्हणून ओरडलेलं ऐकू येईपर्यंत थाळी लागलेली असेल. शिवाय मोर असतात, टिटव्या जमिनीवर अंडी घालतात. मैदान शोधा.

थ्रो_ताई

टेकडीवाल्या काकांशी सहमत. पुढं माणूस दिसत असेल तर फेकायचं नाही हा या खेळातला पहिला नियम आहे, तुमच्या टेकडीवर तो पाळला तर एकही फेक होणार नाही. मैदानात कोपरा बघा, सकाळी क्रिकेटवाले यायच्या आधी.

परतलेला_काका

बास्केट नाही म्हणून अडू नका. १९७५ला कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्हला पहिला कायमचा कोर्स झाला तेव्हा तिथंही सुरवातीला नुसते खांबच होते, खांबाला लागली की झालं. साखळ्यांची बास्केट एड हेड्रिकनं नंतर काढली, कारण लागली की नाही यावरून भांडणं. साखळी डिस्कचा जोर खाते आणि ती खालच्या जाळीत पडते, पंच लागत नाही. हा तोच माणूस ज्यानं व्हॅम-ओमधे असताना फ्रिसबीचं डिझाइन सुधारून पेटंट घेतलं, आणि २००२ला गेला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लास्टिकमधे मिसळून डिस्क बनवल्या. आपल्याकडं संगमावर जातात, हा हवेत गेला.

असो. मी गच्चीवर बनवलीये एक. सायकलची जुनी रिंग, बोहरी आळीतून किलोवर घेतलेली साखळी, दीड-दीड फुटाचे तुकडे करून रिंगला लटकवले, खाली कपड्यांची प्लास्टिकची बास्केट. पहिल्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या, म्हणाल्या देऊळ कधी बांधलंत.

कर्वेनगरी

सगळ्यांचे आभार. पट्टी लावली, कड २२ मिलिमीटर भरली, मुलीच्या बोटाची दोन पेरं. मेहुण्याला यादी पाठवली: एव्हियार दोन, त्यातली एक १५०ची राणी कलर, बझ एक, लेपर्ड एक. त्याचं उत्तर आलं, "एवढ्या स्लो डिस्क? बाकरवडीचे दोन किलो जास्त लागतील."

तोपर्यंत किटलीचा प्रयोग चालू आहे. चढणं कमी झालंय, बाभळी अजून आहेतच.

कर्वेनगरी

धागा वर काढतोय, दिवाळी झाली म्हणून रिपोर्ट देतो. डिस्क आल्या. काका, तुम्ही म्हणालात तसंच, लेपर्ड पहिल्याच दिवशी काढली, पहिलीच फेक जी सरळ गेली की मी नाचलो, पुढच्या नऊ कुठं गेल्या ते विचारू नका. मग दोन आठवडे नुसती पटर फेकली आणि खरंच, ती लबाडी करू देत नाही, पुढची कड जरा वर राहिली तरी तिथंच टप्पकन बसते. आता तीस-पस्तीस मीटर सरळ जाते, रोज नाही, पण जाते. मिडरेंज एकदा थेट खांबाला लागली तो आवाज मी फोनवर रेकॉर्ड करायला हवा होता.

बायकोची उजवीकडं पडते, माझी डावीकडं, मुलगी मधे उभी राहून दोन्ही गोळा करते आणि फेकीमागे दोन रुपये घेते. या रविवारी तिचे चौऱ्याऐंशी झाले. डिस्ट्रॉयर हॉलमधे शोकेसमधे आहे, मेहुणा आला की बाहेर काढतो.

रोज_टेकडी

मैदान कुठलं ते सांगा, त्या बाजूनं चालायला येणार नाही.