नॅरोबोटवरची वीज: सोलर की पवनचक्की?

तरंगतं_घर
नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये ग्रँड युनियन कालव्यावर ५७ फुटी नॅरोबोट (अरुंद कालव्यांसाठीची लांबट बोट) राहायला घेतली आहे. कायमची जागा नाही, त्यामुळे १४ दिवसांच्या आत बोट पुढे न्यावी लागते आणि किनाऱ्यावरच्या विजेचा भरवसा नाही. यंत्रणा १२ व्होल्टची, ११० अँप-अवरच्या चार लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या, इंजिनावर ७० अँपचा अल्टरनेटर (इंजिनाने फिरणारं जनित्र). रोज फ्रीजला ४०, लॅपटॉप-मोबाइलला २५, दिवे, पाण्याचा पंप आणि हीटरच्या पंख्याला मिळून २५, असे ९० अँप-अवर लागतात. छपरावर ४०० वॉट सोलर लावावं, की इथे ऊन कमी आणि वारा जास्त म्हणून ९१ सेंटिमीटर व्यासाची पवनचक्की? की दोन्ही थोडं थोडं?

काठावरचा_वायरमन
सोलरच, आणि सगळे पैसे त्यातच घाला.

वारा जास्त आहे तो समुद्रकिनारी आणि डोंगरमाथ्यावर. कालवा सखल भागातून, खोदलेल्या चरातून आणि दुतर्फा झाडांमधून जातो. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, सगळी मेख तिथे आहे. तुमच्या चक्कीच्या पात्यांचं क्षेत्रफळ ०.६५ चौरस मीटर. सेकंदाला ५ मीटर वाऱ्यात तेवढ्या जागेतून सुमारे ५० वॉट वाहतात, त्यातले ३० टक्के हाती लागले तर १५ वॉट. वारा निम्मा झाला की शक्ती आठपट घटते, म्हणजे २ वॉटसुद्धा नाहीत. पत्रकावरचे मोठे आकडे सोसाट्याच्या वाऱ्याचे असतात. शिवाय चक्की खांबावर हवी, खांब पुलाखालून जाताना पाडावा लागतो, आणि तिची थरथर पोलादी छपरातून थेट झोपायच्या खोलीत उतरते.

आता सोलर. छपरावर आडवी ठेवलेली ४०० वॉटची पॅनेलं जूनमध्ये सरासरी दिवसाला दीड युनिट, म्हणजे ११५ अँप-अवरच्या आसपास देतात. तुमचा खर्च भागून वर उरतं. डिसेंबरमध्ये तीच पॅनेलं १२ अँप-अवरवर येतात, कारण ५२ अक्षांशावर भर दुपारीही सूर्य क्षितिजाच्या जेमतेम साडेचौदा अंश वर असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य इंजिन चालवावंच लागेल. चक्की लावूनही ते टळत नाही.

हिवाळ्यात इंजिन सकाळी चालवा. रात्री ८ ते सकाळी ८ या वेळेत नांगरलेल्या बोटीचं इंजिन चालवायचं नसतं, हेही त्यात सांभाळलं जातं. बॅटरी उतरलेली असताना ती भराभर विद्युतप्रवाह घेते, ८० टक्क्यांनंतर मात्र कितीही मोठा अल्टरनेटर असला तरी थोडाच घेते. शेवटचे २० टक्के भरायला कित्येक तास लागतात आणि ते काम दिवसभर मंद चालणारं सोलर फुकटात करतं. बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धवट भरलेली राहिली की पत्र्यांवर सल्फेट धरतं आणि क्षमता कायमची जाते. कालव्यावरच्या बहुतेक बॅटऱ्या अशाच मरतात.

एमपीपीटी_पाटील
वरच्याशी सहमत. बसवण्याबद्दल थोडं.

कंट्रोलर, म्हणजे पॅनेल आणि बॅटरीच्या मधे बसून चार्जिंग सांभाळणारं उपकरण, एमपीपीटीच घ्या (पॅनेलमधून जास्तीत जास्त शक्ती काढून ती बॅटरीच्या व्होल्टेजला उतरवून देणारा प्रकार), १०० व्होल्ट ३० अँपचा पुरतो. तो बॅटरीच्या जवळ ठेवा, पॅनेलच्या जवळ नको. ३० अँप ५ मीटर लांब नेताना, जाऊन-येऊन १० मीटर धरून, ६ चौरस मिमी वायरीत जवळजवळ ०.९ व्होल्ट पडतो. १६ चौरस मिमीत ०.३५. बॅटरीला १४.४ व्होल्ट पोचायला हवेत, तिथे ०.९ ची तूट म्हणजे ती कधीच पूर्ण भरणार नाही. पॅनेलपासून कंट्रोलरपर्यंत ६ चौरस मिमी चालेल. बॅटरीच्या पॉझिटिव्हला लागूनच ४० अँपचा फ्यूज. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल, सोडवताना उलट. निगेटिव्हसाठी बोटीचं पोलाद वापरू नका, स्वतंत्र वायर ओढा, नाहीतर गंज लवकर चढतो.

पॅनेलखाली ३ ते ५ सेंटिमीटर मोकळी जागा सोडा. तापलं की उत्पादन घटतं. अ‍ॅल्युमिनियमची चौकट आणि पोलादी छप्पर यांच्यामध्ये नायलॉनचे वॉशर घाला. उभं करता येणारे पाय लावले तर स्वच्छ हिवाळी दिवशी दुप्पट-तिप्पट मिळतं, पण बोट पूर्व-पश्चिम बांधलेली असेल तरच. उत्तर-दक्षिण कालव्यावर पॅनेल पूर्वेला किंवा पश्चिमेलाच झुकतं, फारसा उपयोग नाही. ढगाळ दिवशी आडवंच बरं. आणि निघण्याआधी खाली पाडायला विसरू नका, पहिला पूलच ते उखडून टाकेल.

तरंगतं_घर
आभारी आहे. शेगडीची चिमणी छपरावरच आहे, तिची सावली पडणार. २०० वॉटची दोन पॅनेलं पॅरलल जोडू ना? सगळे तसंच सांगतात.

एमपीपीटी_पाटील
नको, सिरीजमध्ये जोडा. अशा पॅनेलमध्ये सहसा दोन बायपास डायोड असतात, म्हणजे सावलीतल्या भागाला वळसा घालून प्रवाह पुढे नेणारे भाग. सावली पडलेला अर्धा भाग बाजूला होतो आणि पॅनेल २० ऐवजी १० व्होल्टवर येतं. पॅरललमध्ये १० व्होल्टचं पॅनेल १२ व्होल्टच्या बॅटरीला काहीच देऊ शकत नाही, २०० वॉट गेले. सिरीजमध्ये २० अधिक १०, ३० व्होल्ट राहतात आणि फक्त १०० वॉट जातात. उघडं व्होल्टेज (काहीच भार नसतानाचं) दोन्हींचं मिळून ४८, कडाक्याच्या थंडीत ५३, म्हणजे १०० च्या मर्यादेत निर्धास्त. पॅनेल घेताना डायोड किती आहेत ते मात्र विचारून घ्या.

मोकळं_रान
पवनचक्कीच्या बाजूनेही कोणी बोलायला हवं. पूर्वेकडच्या फेन्समध्ये, सपाट आणि झाडं नसलेल्या भागात कायमची जागा असेल, तर हिवाळ्यात चक्की उपयोगी पडते. ती रात्रीही फिरते. पण ग्रँड युनियनवर फिरत्या बोटीला मीही ती सुचवणार नाही. पुढे कधी घेतलीच तर एक लक्षात ठेवा: बॅटरी भरली म्हणून सोलरसारखी तिची वायर तोडायची नाही. भार गेला की पाती बेफाम फिरतात आणि मोडतात. जादा वीज जिरवणारा रेझिस्टर असलेला कंट्रोलर लागतो, आणि थांबवायला टर्मिनल शॉर्ट करणारा स्विच. तो वादळ येण्याआधी टाकायचा, भर वादळात नाही.