प्रोसेस शेड्युलिंगमध्ये एआयला नेमके कोणते काम द्यावे?

प्रश्न (संगणक अभियांत्रिकी, अंतिम वर्ष):
लिनक्समध्ये पुढची प्रोसेस कोणती चालवायची हे न्यूरल नेटवर्कने ठरवावे, असा प्रकल्प आम्ही चौघांनी घेतला आहे. पायथनमधील सिम्युलेशनमध्ये सरासरी प्रतीक्षाकाळ राउंड रॉबिनपेक्षा (सर्वांना आळीपाळीने सारखा वेळ देणारी पद्धत) बराच कमी येतो. परंतु हे कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) उतरवता येईल का, असे मार्गदर्शकांनी विचारले, तेव्हा आम्ही निरुत्तर झालो. सुरुवात कोठून करावी?

उत्तर १:
निर्णय घ्यायला मॉडेलला लागणारा वेळ तुम्ही सिम्युलेशनमध्ये धरला आहे का? बहुधा नसावा. प्रोसेस बदलण्याचे काम काही मायक्रोसेकंदांत उरकते, त्यामुळे तेवढाच वेळ विचारात घालवणारे मॉडेल कमावलेले सगळे तिथेच गमावते. शिवाय कर्नलमध्ये फ्लोटिंग पॉइंटचे गणित टाळतात, म्हणजे मॉडेलचे वजनांक (त्याने शिकलेले आकडे) पूर्णांकांत बसवावे लागतील. आणि तुलना राउंड रॉबिनशी करू नका. लिनक्सच्या सर्वसाधारण प्रोसेसना 2007 पासून सीएफएस हा शेड्युलर (पुढची प्रोसेस निवडणारा कर्नलचा भाग) वेळ वाटून देत असे, 2023 मधील 6.6 आवृत्तीपासून ईईव्हीडीएफ देतो. तुमचा सामना त्याच्याशी आहे.

उत्तर २:
वरील मुद्दे मान्य, पण अंदाज बांधणे शेड्युलरला नवे नाही. पाठ्यपुस्तकातील घातांकी सरासरीच (जुना अंदाज आणि ताजे माप यांची मिळवणी) घ्या: अंदाज 12 मिलिसेकंदांचा होता आणि प्रोसेस 4 मिलिसेकंदच चालली, तर अल्फा (ताज्या मापाचे वजन) अर्धा धरल्यास पुढचा अंदाज 8 येतो, त्यानंतर ती 20 चालली, तर 14. एक बेरीज आणि निम्मे करणे, एवढाच खर्च. लिनक्सही प्रत्येक प्रोसेसचा भार असाच मोजतो, ज्यात 32 मिलिसेकंदांपूर्वीच्या भाराचे वजन निम्मे धरले जाते. तुमचे मॉडेल या साध्या सूत्रापेक्षा अचूक ठरते का, हे आधी तपासा. ठरले नाही, तर पुढचा खटाटोप कशाला?

प्रश्नकर्ता:
मॉडेलचा वेळ खरोखरच धरला नव्हता. मग विषयच बदलावा का?

उत्तर ३:
विषय ठेवा, मॉडेलचे काम बदला. 2024 मधील 6.12 आवृत्तीत स्केड-एक्स्ट ही स्वतःचा शेड्युलर लावण्याची सोय आली आहे. त्यामुळे बीपीएफमध्ये (कर्नलमध्ये छोटे प्रोग्राम तपासून चालवण्याची यंत्रणा) लिहिलेला शेड्युलर कर्नल पुन्हा कंपाइल न करता चढवता आणि उतरवता येतो. चालण्यास तयार असलेली प्रोसेस ठरावीक मुदतीत, फार तर 30 सेकंदांत, चालली नाही, तर कर्नल तुमचा शेड्युलर काढून मूळ शेड्युलरकडे कारभार सोपवतो, म्हणून प्रयोग फसला तरी यंत्र सहसा अडकून पडत नाही. मॉडेल यूजर स्पेसमध्ये, म्हणजे कर्नलबाहेर साध्या प्रोग्रामसारखे, चालवा. त्याने, समजा दर 100 मिलिसेकंदांनी, कोणत्या प्रोसेसला किती लांबीचा वेळ द्यावा याचा आकडा बीपीएफ मॅपमध्ये (दोन्हीकडून वाचता-लिहिता येणारा तक्ता) लिहावा आणि निवड करणाऱ्या कोडने तो नुसता वाचावा. चाचणीसाठी एकीकडे सर्व कोअरवर कर्नल कंपाइल करत ठेवा, दुसरीकडे व्हिडिओ लावा, आणि सरासरीबरोबर सर्वांत वाईट 1 टक्का प्रतीक्षाकाळही नोंदवा. व्हिडिओ अडखळतो तो त्या 1 टक्क्यामुळे, आणि सरासरीत तो दिसत नाही.