मोटरीच्या कामासाठी मागवलेला वर्कबेंच हलतो आहे, काय करू?

वाइंडिंगवाला_वरोरा
नमस्कार मंडळी. वरोऱ्यापासून आत आमचं गाव. घराला लागून टिनाच्या शेडमध्ये मी शेतीपंपाच्या मोटरींचं वाइंडिंग करतो. आजवर जमिनीवर पोतं टाकून बसायचो. आता कंबर साथ देत नाही, म्हणून ऑनलाइन एक जोडायचा वर्कबेंच मागवला. साडेआठ हजार गेले. फोटोत भक्कम दिसत होता. आला तो पार्टिकल बोर्ड, वर लाकडी रंगाचा कागद.

जोडण्यात दोन संध्याकाळी गेल्या. चित्रात डावी फळी कोणती, उजवी कोणती, काही कळत नाही. भोकं समोरासमोर येत नाहीत, चार-पाच मिलिमीटरचा फरक. दोन गोल लॉक नुसते गरगर फिरतात. एक स्क्रू काढून परत लावला तर भोकातून भुसा गळला. काल त्यावर पाच एचपीची मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र) ठेवली आणि सगळा बेंच डावीकडे झुकला. मुलगा बाजूलाच उभा होता. थोडक्यात त्याचा पाय वाचला. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

दिवाळीनंतर हरभरा-गव्हाचं ओलीत सुरू होईल, मोटरींची रांग लागेल. हाच बेंच मजबूत करता येईल का? की दुसरा बनवू? कसा?

जुना_रंधा
भाऊ, आधी त्या बेंचवर काहीच ठेवू नका. मी चिमूरकडे सुतारकाम करतो. यात चूक तुमच्या हाताची नाही. हा बोर्ड म्हणजे डिंकात दाबलेला लाकडाचा चुरा. त्याला रेषा नसते, म्हणून स्क्रू एकदाच धरतो. काढून परत लावला की पकड गेली. त्यात आपल्या पावसाळ्यात टिनाच्या शेडची दमट हवा. उघडी कड फुगते, आणि एकदा फुगली की परत जागेवर येत नाही.

गोल लॉकवर बाण असतो. तो दांडी येते त्या भोकाकडे करायचा, दांडीचं डोकं पुरतं आत गेलं की मगच फिरवायचं. अर्ध्या फेऱ्यातच आवळतं. गरगर फिरतं म्हणजे दांडी पोचलीच नाही. तुमची भोकंच चुकली आहेत, तिथं जोर लावून उपयोग नाही.

गेलेलं भोक भरता येतं. 10 मिलिमीटरच्या बिटनं मोठं करा, सागाची गुल्ली फेविकॉल लावून ठोका, रात्रभर राहू द्या, मग बारीक बिटनं नवं भोक पाडा. पण हा इलाज कपाटासाठी. जुनी वाइंडिंग छिन्नीनं तोडताना जे घाव बसतात, ते हा बोर्ड सोसणार नाही.

गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून 40 मिलिमीटर लोखंडी अँगलची चौकट करून घ्या. खालून वीतभर उंचीवर चौफेर आडवा अँगल, आणि मागच्या बाजूला एक तिरपा. तिरपा विसरू नका, तुमचा बेंच झुकला तो त्याच्याविना. पक्कं वेल्डिंग करण्याआधी दोन्ही कर्ण मोजायला लावा, सारखे आले म्हणजे चौकट काटकोनात.

वर दोन इंची बाभळीच्या फळ्या. बैलबंडीच्या चाकाला आपल्याकडे बाभूळच वापरत, कारण ती मार खाते. फक्त ओली घेऊ नका, चिरते. आरा मशीनवर जुनी, वाळलेली मागा. नाहीतर कुणाचं जुनं घर पाडलं असेल तिथल्या सागाच्या पाट्या.

काळी_माती
रंधाकाकांशी सहमत. फक्त एक विचारते, दादा, शेडची जमीन कोणती? काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. आमच्या यवतमाळकडे पक्क्या टेबलाचाही एक पाय दरवर्षी अधांतरी यायचा. चारही पायांखाली काँक्रीटचे ठोकळे ओतले, तेव्हा थांबलं. वाळवीही दूर राहिली.

लाकूड मिळालं नाही तर 19 मिलिमीटर प्लायचे दोन थर चिकटवा. प्लायवर मानकाचा नंबर असतो. आयएस 303 मध्ये एमआर (ओलावा सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा) असे दोन प्रकार येतात. दमट शेडला बीडब्ल्यूआर घ्या, परवडलं तर आयएस 710, म्हणजे मरीन प्लाय.

बिल_जपून_ठेवा
दादा, साडेआठ हजार सहज सोडू नका. चुकलेल्या भोकांवर मोजपट्टी धरून फोटो काढा, गरगर फिरणाऱ्या लॉकचा व्हिडिओ घ्या, आणि विकणाऱ्याला आजच लेखी कळवा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे सदोष वस्तू परत घ्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही. ऐकलंच नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मराठीतही बोलता येतं. खोका फेकला नाही ना?

वाइंडिंगवाला_वरोरा
खोका आहे, ताई. फोटो काढले, तक्रारही पाठवली. आता त्या बेंचला गुल्ल्या मारत नाही, परत घेतील तेव्हा जसाचा तसा देता येईल. जमीन काळी मातीच आहे, वर नुसता मुरूम. ठोकळे ओततो. वेल्डिंगवाल्याला सांगून आलो, सोमवारी चौकट उभी करतो म्हणाला. रंधाकाका, उंची किती सांगू त्याला?

जुना_रंधा
व्हाइस, म्हणजे काम पकडायचा शिकंजा, बसवणार असाल ना? मग सरळ उभे राहा, कोपर वाकवा. व्हाइसचा जबडा कोपराच्या उंचीला आला पाहिजे. तिथून व्हाइसची उंची आणि फळीची जाडी वजा करा. उरेल ती चौकटीची उंची. ठोकळे जमिनीच्या वर राहणार असतील तर तेवढंही कमी करा. आणि माप तुमचंच घ्या, वेल्डिंगवाल्याचं नको.