मदत हवी आहे: सफरचंदाच्या खुंटरोपांची नवी पाने पिवळी पडताहेत

नमस्कार मंडळी. मोहोळजवळ शेडनेटमध्ये एमएम-१११ या सफरचंदाच्या खुंट-जातीची ४०० खुंटरोपे (ज्यांवर पुढे कलम बांधायचे ती रोपे) पिशवीत वाढवतोय. पिशवीत आमचीच काळी माती, शेणखत आणि वाळू भरली आहे. महिनाभरापासून शेंड्याची पाने पिवळी पडताहेत, शिरा मात्र हिरव्यागार. जुनी पाने ठणठणीत, म्हणजे नत्र कमी नाही. लोहाचीच कमतरता वाटते.

मातीचा सामू (पीएच) ८.३, मुक्त चुना ११ टक्के. पाणी बोअरचे, सामू ८.१, बायकार्बोनेट जास्त. दोन रोपे उपटून पाहिली: मुळ्या पांढऱ्या, कुज नाही, हुमणीही (मुळ्या खाणारी अळी) नाही. पाणी वाफसा पाहूनच देतो.

फेरस सल्फेट दोनदा मातीतून दिले, काही फरक नाही. ०.५ टक्के फवारणीने पानावर हिरवे ठिपके उमटले, पण पुढचे पान पुन्हा पिवळेच आले. नंतर ईडीटीए लोह (चिलेट, म्हणजे मातीत विरघळलेले राहावे म्हणून बांधलेले लोह) ठिबकमधून सोडले. एवढ्या सामूला ते टिकत नाही हे उशिरा कळले.

डिसेंबर-जानेवारीत कलमे बांधायची आहेत, तोवर खोड पेन्सिलीएवढे जाड व्हायला हवे. सगळ्या पिशव्या बदलणे आता शक्य नाही, मुळ्या तुटतील. रोपे फार जपून वाढवली आहेत, वाया जाऊ द्यायची नाहीत.

ईडीडीएचए लोह (जास्त सामूतही टिकणारे चिलेट) ६ टक्केवाले प्रति पिशवी किती ग्रॅम आणि किती दिवसांनी द्यावे? सोबत पाण्यात आम्ल सोडून सामू ६.५ पर्यंत आणावा का, की पिशवीतल्या कोवळ्या मुळ्यांना ते बाधेल? चुनखडीच्या जमिनीत कुणी हे प्रत्यक्ष केले आहे का?