ओढ सुरूच्या बनाचीही असते

"गावकऱ्यांना किनाऱ्याची ओढ असली की निसर्ग आपोआप सावरतो" हे म्हणणं अर्धंच पटलं. त्यासाठी दिलं जाणारं वेळासचं, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातल्या समुद्री कासवांच्या गावाचं, उदाहरण बरोबर आहे. तिथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावाला सोबत घेतलं आणि पूर्वी कासवांची अंडी खणून नेणारे हातच घरट्यांची राखण करू लागले. पण ओढ नेमकी कशाची, हेही बघायला हवं. आमच्याकडे किनारा म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतं ते सुरूच्या झाडांचं बन. लहानपणी मीही तिथेच लपाछपी खेळलोय. सुरू मात्र कोकणातला नाही, एकोणिसाव्या शतकात कारवारकडे आणून लावलेला. त्याच्या पानांच्या जाड थराखाली दुसरं फारसं काही उगवत नाही, आणि अगदी भरतीरेषेपर्यंत लावला तर कासविणीला घरट्यासाठी मोकळी वाळू उरत नाही.

वाळू धरून ठेवते ती किनाऱ्यावर पसरणारी मर्यादवेल. तिला लोक रान समजून उपटतात! तिच्या मागच्या बाजूला केवडा आणि उंडीची झाडं. उंडीच्या तेलाचे दिवे आजीच्या आठवणीत होते, आमच्या पिढीला झाडही ओळखता येत नाही. गेल्या पावसाळ्यात उंडीची रोपं लावायचा विषय काढला, तर पहिला प्रश्न आला, "म्हणजे सुरू तोडणार काय?"