बोनफिशसाठी फ्लाय फिशिंग: नदीतलं सामान बेटावर चालेल का?

नदीकाठ:
प्रशांत महासागरातल्या किरिबाती देशातल्या किरितीमाती बेटावर बोनफिश (उथळ समुद्रातला चपळ मासा) पकडायला जायचं ठरतंय. सराव सगळा ट्राउटचा (थंड नदीतला मासा), ५ नंबरच्या रॉडवर (नंबर मोठा तितका रॉड दणकट). आता ८ नंबरचा रॉड घेतोय. त्यावर थंड पाण्याची लाइन (फेकायची जाड दोरी) चालेल का? फ्लाय (गळावर बांधलेली नकली आमिषं) किती वजनाच्या ठेवाव्यात? आणि बोनफिश फ्लाय घेतो पण गळाला लागत नाही, असं बरेच जण म्हणतात. ते कशामुळे?

ओहोटी:
रॉड योग्य आहे, लाइन मात्र बदलाच. थंड पाण्याच्या लाइनचं आवरण तिथल्या उन्हात मऊ पडतं, रॉडच्या कड्यांना चिकटतं आणि फेक तोकडी पडते. ट्रॉपिकल, तरंगती लाइन घ्या. मागे २०० यार्ड बॅकिंग (लाइनला जोडलेला बारीक राखीव दोरा) हवंच, कारण मोठा बोनफिश पहिल्या धावेतच १०० यार्ड ओढून नेऊ शकतो. लीडर (लाइन आणि फ्लाय यांमधला पारदर्शक दोरा) ९ ते १२ फूट, त्याच्या टोकाला १२ ते १६ पाउंडी फ्लोरोकार्बनचं टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा शेवटचा तुकडा. प्रत्येक माशानंतर टिपेट बोटांतून फिरवून बघा. प्रवाळाला घासून खरखरीत झालं असेल तर लगेच बदला.

त्याच उथळ पाण्यात जायंट ट्रेव्हली हा मोठा, ताकदवान मासाही येतो. त्याच्यासाठी १२ नंबरचा रॉड आणि किमान ८० पाउंडी लीडर वेगळा तयार ठेवा. ८ नंबरवर त्याच्या नादी लागू नका.

पाकट:
मासा सुटतो तो ट्राउटच्या सवयीमुळे. फ्लाय घेतली की हात आपोआप रॉड वर उचलतो. रॉडचं लवचीक टोक सगळा जोर खातं, गळ रुतत नाही आणि फ्लाय माशासमोरून उडून जाते. रॉडचं टोक पाण्यालगत, थेट माशाकडे ठेवा आणि डाव्या हाताने लाइन लांब, सलग ओढा. मासा चुकला तरी फ्लाय फूटभरच सरकते, तो पुन्हा घेऊ शकतो.

गळ रुतला की नजर माशावर नको, पायाशी पडलेल्या लाइनवर हवी. अंगठा आणि तर्जनीचं कडं करून ती सोडत राहा. एखादा वेढा रीलच्या मुठीत अडकला तर टिपेट तुटलंच.

नदीकाठ:
आणि वारा उजव्या खांद्यावर आला तर? उजव्या हाताने फेकतो.

ओहोटी:
पाठ लक्ष्याकडे करून उभे राहा आणि शेवटची फेक मागच्या फेकीवरच सोडा. लाइन अंगापासून दूर राहते. हा सराव निघण्याआधी मोकळ्या मैदानात करून घ्या, ऐन वेळी जमत नाही.

फ्लाय ६ आणि ८ नंबरच्या, फिकट वाळूच्या रंगाच्या. घोट्याएवढ्या पाण्यात फ्लायवर वजनासाठी मणीसाखळीचे हलके डोळे पुरतात, मांडीएवढ्या पाण्यात डंबेलच्या आकाराचे जड धातूचे डोळे लागतात. उथळात जड फ्लाय धपकन पडली की अख्खा थवा पळतो.

पाकट:
चालताना पाऊल न उचलता वाळूत घासत न्या, म्हणजे वाळूत दडलेली पाकट (शेपटीवर विषारी काटा असलेला चपटा मासा) आधीच बाजूला होते. गळाचा बार्ब (टोकाजवळचा उलटा काटा) पक्कडीने दाबून टाका. मासा पाण्यातच ठेवून सोडा. फार दमवलेला बोनफिश सोडल्यावर शार्कच्या तोंडी जातो, म्हणून झुंज लांबवू नका. संध्याकाळी रील तिचा ड्रॅग (लाइन सुटताना रोखणारा ब्रेक) घट्ट करून गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा. जोरदार फवाऱ्याने मीठ आत जातं. धुऊन झाल्यावर ड्रॅग सैल करून वाळवा.