जुने हॉलिवूडपट पुन्हा पाहताना: कुठली प्रत, कुठली सेटिंग, आणि कुठे फसतं

१९७५ ते १९९९ या काळातले गाजलेले भयपट, विज्ञानपट, मारधाडपट आज परत लावले की एक तक्रार हमखास ऐकू येते: "तेव्हा काय भारी वाटला होता, आता अगदीच पोरकट दिसतो." यात सिनेमाचा दोष थोडा असतो, बराचसा दोष समोर चाललेल्या प्रतीचा आणि टीव्हीचा असतो. कुणी तरी नंतर दृश्यं घुसडलेली असतात, रंग बदललेले असतात, आवाज नव्याने भरलेला असतो किंवा चौकट कापलेली असते. म्हणून हा धागा. एकेक सिनेमा घ्या आणि काय तपासायचं, काय बदलायचं, काय बिघडतं आणि का, एवढं लिहा. आठवणींचे धागे इथे भरपूर आहेत. इथे कामाचं लिहू.

रीळवाला

सुरुवात घड्याळापासून करा. सिनेमा लावण्याआधी एकूण लांबी बघा, अर्धी ओळख तिथेच पटते. 'टर्मिनेटर २' (१९९१) चित्रगृहात १३७ मिनिटांचा होता. लांबी १५० च्या पुढे दिसली तर ती नंतर आलेली वाढीव आवृत्ती. 'एलियन्स' (१९८६) मूळ १३७, वाढीव १५४. 'एलियन' (१९७९) मात्र उलटा: मूळ ११७ आणि २००३ चा दिग्दर्शकाचा कट ११६, म्हणजे नवी दृश्यं घालूनही एक मिनिट कमी, कारण जुनी दृश्यं कातरली आहेत. मंद, दबा धरून बसलेली गती हा त्या सिनेमाचा प्राण आहे, तेव्हा १९७९ चाच घ्या.

आपल्याकडच्या जुन्या प्रतींत आणखी एक भानगड असते. भारतात टीव्ही, टेप आणि व्हीसीडी पाल पद्धतीच्या. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा, पाल २५ चा. त्यामुळे सरसकट सगळं सुमारे चार टक्के जास्त वेगाने पळवायचे. १२४ मिनिटांचा 'जॉज' ११९ मिनिटांत संपतो आणि आवाजाची पट्टी अर्धस्वरापेक्षा किंचित कमी इतकी चढते. ११९ आकडा दिसला म्हणून लगेच सेन्सॉरच्या नावाने शंख करू नका. आधी लांबीला १.०४ ने गुणा. तरीही मिनिटं कमी पडली तर मग कात्री शोधा.

चौकट

व्हीसीडीचा विषय निघालाच आहे तर हा हिशोब बघा. पाल व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. त्यात २.३९ प्रमाणातला (उंचीच्या २.३९ पट रुंदीचा) सिनेमा काळ्या पट्ट्यांसकट बसवला की चित्राला उभ्या दिशेने जेमतेम १६० ओळी उरतात. पट्टे नको म्हणून ४:३ चा पडदा भरला तर रुंदीतलं ४४ टक्के चित्र बाहेर जातं. 'जॉज'मधल्या होडीवरच्या दृश्यांत तिघं जण एकाच चौकटीत असतात, तिथे एक माणूस चक्क गायब होतो. तो सिनेमा "नुसताच माशाचा" वाटण्यामागे हेही एक कारण आहे.

आजच्या १६:९ टीव्हीवर रिमोटचं झूम दाबून पट्टे घालवले तरी २६ टक्के चित्र जातं. ५५ इंची टीव्हीची पडदा-उंची साधारण ६८ सेंटीमीटर, त्यावर २.३९ चं चित्र ५१ सेंटीमीटर उंचीचं दिसतं. लहान वाटत असेल तर खुर्ची पुढे घ्या. साडेपाच ते सात फूट हे ५५ इंचांसाठी योग्य अंतर आहे. आपल्या दिवाणखान्यांत सोफा दहा फुटांवर भिंतीला टेकलेला असतो आणि मग दोष पट्ट्यांना मिळतो!

टीव्हीच्या मेनूमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'फिट टू स्क्रीन' चालू आहे ना, तेही बघा. नसेल तर टीव्ही चारही कडा थोड्या थोड्या खातो.

मालिका-रोग

"सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो" याचं निदान सोपं आहे. टीव्ही दोन खऱ्या चौकटींच्या मधे स्वतः बनवलेल्या चौकटी घुसवतो. सॅमसंगमध्ये 'पिक्चर क्लॅरिटी' किंवा जुन्या संचांत 'ऑटो मोशन प्लस', एलजीत 'ट्रूमोशन', सोनीत 'मोशनफ्लो'. बंद करा. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो एकच पर्याय निवडला की हे आपोआप बंद होतं.

या सेटिंगचा सर्वांत जास्त फटका जुन्या कारागिरीला बसतो. बाहुल्या, लघुप्रतिकृती, रबरी मुखवटे हे सगळं २४ चौकटींच्या किंचित धूसरपणावर विसंबून रचलेलं असतं. मधल्या चौकटी भरल्या की डोळ्याला रबर रबरासारखं दिसतं. मग आपण म्हणतो, इफेक्ट जुने झाले.

बंद केल्यावर कॅमेरा आडवा फिरताना चित्र अडखळतंय? मग खेळवणाऱ्या पेटीचा आउटपुट तपासा. तो ६० हर्ट्झवर अडकलेला असेल तर २४ चौकटी ६० मध्ये समान वाटता येत नाहीत, एक चौकट दोनदा आणि पुढची तीनदा दाखवावी लागते. 'मॅच फ्रेम रेट' चालू करा. १२० हर्ट्झच्या पॅनेलवर प्रत्येक चौकट बरोबर पाच वेळा येते, प्रश्नच मिटतो.

बाकी रंगाचा पर्याय 'वॉर्म' किंवा 'वॉर्म २'. पहिली पाच मिनिटं पिवळं वाटेल, मग डोळा सरावतो. शार्पनेस शून्याजवळ, फक्त सोनीत ५० हा तटस्थ आकडा आहे, तिथे शून्य केलंत तर चित्र उगाच मऊ होईल.

दाणेदार

'प्रिडेटर'ची (१९८७) २०१० मधली ब्लू-रे ही "स्वच्छ" करण्याच्या हौसेची शिकवणीच आहे. जंगलातल्या कमी उजेडात चित्रित केलेली फिल्म, त्यामुळे दाणा, म्हणजे फिल्मवरचे बारीक कण, ठळक. तो घालवायला संगणकाची गाळणी फिरवली. गाळणी शेजारच्या चौकटी ताडून पाहते आणि ज्या बारीक गोष्टी बदलत असतात त्या पुसते. दाणा बदलतो, तसेच घामाचे थेंब, त्वचेची छिद्रं, पानांच्या शिराही बदलतात. सगळंच गेलं आणि श्वार्झनेगर मेणाचा झाला. 'टर्मिनेटर २' च्या २०१७ मधल्या ४के प्रतीचंही तेच दुखणं. म्हणजे ४के लिहिलंय म्हणून चांगलीच प्रत असेल असं नाही.

ओळखायचं कसं? चेहऱ्याच्या जवळच्या दृश्यात सिनेमा थांबवा. कपाळ गुळगुळीत आणि भुवया मात्र कोरल्यासारख्या दिसल्या तर गाळणी फिरली आहे. दाणा आहे पण त्याचे चौकोनी ठोकळे झालेत, तर दोष प्रतीचा नसून प्रवाहाचा: ४के स्ट्रीमिंगला साधारण १५ ते २५ मेगाबिट मिळतात, दाणा मात्र बिटांचा खादाड असतो. वायफायऐवजी केबल लावून पाहा.

वोइट-काम्फ

'ब्लेड रनर'च्या (१९८२) लांबीवर विसंबू नका, मुख्य आवृत्त्यांत मिनिटाभराचाच फरक आहे. खुणा या अशा.

नायक डेकार्डचं निवेदन ऐकू येतंय आणि शेवटी हिरव्या डोंगरांतून गाडी जातेय: १९८२ ची आवृत्ती. ती डोंगरांची हवाई दृश्यं कुब्रिकच्या 'द शायनिंग'साठी घेतलेल्या, न वापरलेल्या फिल्मची आहेत. निवेदन नाही आणि युनिकॉर्न दिसतो: १९९२ किंवा २००७. या दोघांत फरक करायला दोन जागा. बॉस ब्रायंट पळालेल्या रेप्लिकंटचा (माणसासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम माणसांचा) हिशोब देतो तिथे कान द्या. जुन्यात सहा पळाले, एक मेला असं तो म्हणतो, पण सिनेमात दिसतात चारच. ही चूक पंचवीस वर्षं चर्चेत होती. २००७ मध्ये "दोन मेले" असं करून गणित जुळवलं. दुसरी खूण शेवटचं कबुतर: आधीच्या आवृत्त्यांत पावसाळी रात्रीतून ते चक्क निळ्या आकाशात उडतं, २००७ मध्ये आकाश काळोखं आहे. काच फोडत पळणाऱ्या झोरा या रेप्लिकंटच्या जागी स्टंटवालीचा विग स्पष्ट दिसायचा, तिथेही आता ती भूमिका करणाऱ्या जोआना कॅसिडीचाच चेहरा बसवलाय.

पुन्हा पाहायला २००७. पण एकदा तरी निवेदनवाला बघा. तो वाईट आहे, पण नंतर काय काय काढलं हे त्याशिवाय कळत नाही.

कानसेन

चित्राबद्दल सगळे बोलतात, आवाजाचं कुणी बघत नाही. 'जॉज' आणि पहिला 'टर्मिनेटर' (१९८४) हे मूळ मोनो, म्हणजे एकाच वाहिनीच्या आवाजाचे सिनेमे. पुढे ५.१ (सहा वाहिन्यांचा आवाज) करताना नुसता आवाज पसरवला नाही, बंदुकांचे, पाण्याचे आवाजही नवे घातले. 'टर्मिनेटर'च्या ५.१ मध्ये शॉटगनचा बार वेगळाच लागतो. ऑडिओच्या यादीत मोनो किंवा २.० दिसला तर तो निवडा. 'जॉज'च्या ब्लू-रेवर मूळ मोनो आहे.

मोनो लावल्यावर साउंडबारचे 'हॉल', 'स्टेडियम' असले प्रकार बंद ठेवा. उलट १९७७ नंतरच्या बऱ्याच सिनेमांच्या २.० ट्रॅकमध्ये डॉल्बी स्टिरिओची मागची वाहिनी दडवलेली असते. तिथे रिसीव्हरला 'प्रो लॉजिक' किंवा 'डॉल्बी सराउंड' द्या, ती वेगळी निघेल.

संवाद पुटपुटल्यासारखे आणि स्फोट कानठळ्या बसवणारे असतील तर ५.१ चा ट्रॅक टीव्हीच्या दोन स्पीकरांत कोंबला जातोय. 'नाइट मोड' चालू करा किंवा ट्रॅकच स्टिरिओ निवडा.

हिंदी डबबद्दल: 'जुरासिक पार्क' १९९४ मध्ये हिंदीत आला आणि चालला, तेव्हापासून आपल्याकडे ही वाट रुळली. डब करताना मूळ संवाद वगळलेला संगीत-परिणामांचा वेगळा ट्रॅक लागतो. जुन्या सिनेमांचा तो अपुरा असेल तर पावलं, दारं, कपड्यांची सळसळ असं बरंच हरवतं आणि माणसं पोकळीत बोलल्यासारखी वाटतात. मजा म्हणून हिंदी जरूर, पण भयपट मूळ आवाजातच.

ढिगाखालचा

@रीळवाला, 'एलियन्स'च्या दोन लांबींपैकी कुठली घ्यायची, याबद्दल थोडी भर. वाढीव आवृत्तीत नायिका रिप्लीच्या मुलीचा उल्लेख आहे, त्याशिवाय न्यूट या लहान मुलीशी तिचं नातं अर्धंच कळतं. तोटा एवढाच की वसाहत आधीच जिवंत दाखवल्याने पुढचं ओसाडपण अंगावर येत नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला १३७, परत पाहणाऱ्याला १५४.

रबर आणि तेल

इफेक्ट पुन्हा बघायचे तर नेमकं काय बघायचं? 'जॉज'चा यांत्रिक मासा खाऱ्या पाण्यात सतत बंद पडायचा, म्हणून स्पीलबर्गने त्याच्या जागी पिवळी पिंपं, मोडका धक्का आणि पाण्याच्या पातळीवरचा कॅमेरा वापरला. माशाचं डोकं नीट वर येतं ते जवळपास ८० व्या मिनिटाला. तोवर प्रत्येक वेळी "मासा कुठल्या वस्तूने दाखवलाय" हे मोजत बघा, व्हर्ना फील्ड्सचं संकलन उलगडत जातं.

'जुरासिक पार्क'मध्ये संगणकावरचे डायनासोर सगळे मिळून सहा मिनिटांच्या आसपास. ढोबळ नियम: जवळून डोकं, डोळा, जबडा दिसला तर स्टॅन विन्स्टनच्या कारखान्यातला खराखुरा यांत्रिक प्राणी, पूर्ण देह पळताना दिसला तर संगणक. पावसाच्या दृश्यात टी-रेक्सची फोमची कातडी पाणी शोषून जड व्हायची आणि यंत्र थरथरायचं, मग शॉट थांबवून ते पुसत बसावं लागे. पेल्यातल्या पाण्याची वर्तुळं मात्र गिटारच्या तारेची, गाडीच्या डॅशबोर्डखालून छेडलेली.

हिरवट

'मॅट्रिक्स' (१९९९) फारच हिरवा दिसत असेल तर ती पुढच्या भागांशी जुळवून रंगवलेली मधली प्रत. २०१८ ची ४के प्रत छायाचित्रकार बिल पोप यांच्या देखरेखीखाली झाली, त्यात हिरवा पुष्कळ उतरवलाय. मूळ 'स्टार वॉर्स' (१९७७) शोधणाऱ्यांनी श्रम वाचवावेत: अधिकृत डिस्कवर ती शेवटची मिळाली २००६ च्या डीव्हीडीत, पुरवणी म्हणून, लेझरडिस्कच्या जुन्या मास्टरवरून. मोठ्या टीव्हीवर ती पाहवत नाही.

बर्फाळ

'द थिंग' (१९८२) नवख्याला दाखवणार असाल तर एकच सूचना. सुरुवातीला हेलिकॉप्टरमधून उतरलेला नॉर्वेजियन माणूस ओरडत असतो, त्याचं भाषांतर मूळ सिनेमात मुद्दाम दिलेलं नाही. काही सबटायटल फायलींत ते असतं आणि सगळं रहस्य तिथेच फुटतं. त्याचं ओरडणं थांबेपर्यंत सबटायटल बंद ठेवा.